खापराचे की गुडघ्याचे

काकू,

आधी माफी मागते. माझं अक्षर तुम्हाला माहीत आहे. ओल्या अंगणातून कोंबडी गेल्यासारखं, असं तुम्हीच म्हणाला होतात. ह्रस्व-दीर्घ मला अजूनही जमत नाही. आमच्या गावात शाळा चौथीपर्यंतच होती, आणि पाचवीसाठी नदीपलीकडे मुलीला कोण पाठवणार? तुम्ही असतात तर पहिल्याच ओळीवर लाल पेन फिरवलं असतं आणि वर म्हणाला असतात, "सुरेखा, मन सरळ आहे गं तुझं, ओळच वाकडी." आता पेन फिरवणारं कोणी नाही. चुका राहतील तशाच.

ही वही तुम्हीच दिलेली. रोज एक पान लिहायचं, असं ठरलं होतं. अर्धी कोरी राहिली, त्यातच लिहिते आहे. तोंडाने मला बोलता येत नाही हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक नाही. चार माणसं असली की माझी जीभ टाळूला चिकटते. तुमच्यासमोर तेवढी सुटायची. आता इथे आखातात, तुमच्या मुलाच्या घरात, स्वतः दादा तेवढे मराठी बोलतात, पण दादा घरी असतात किती? सकाळी लुसैलच्या ऑफिसात जातात ते अंधार पडल्यावर येतात. तुमची नात मीरा सगळं समजते आणि उत्तर इंग्लिशमध्ये देते. अहिराणी तर तुमच्याबरोबरच गेली.

आणि खरं सांगायचं तर तुमचे माझ्याकडचे पैसे अजून पूर्ण फिटलेले नाहीत. लिहायला बसले ती त्यासाठीच.

माझ्या लेकीच्या, पूनमच्या नर्सिंगच्या फीची गोष्ट. मी कोणाला काही बोलले नव्हते. पोळ्या करताना माझी एक पोळी करपली, लगेच दुसरी करपली, आणि तुम्ही खोलीतून उठून आलात. "दोन पोळ्या करपवणारी तू नाहीस. काय व्हयनं वं?" मी सांगितलं. तुम्ही त्याच दुपारी अमळनेरला पुतण्याला फोन लावलात. त्याने तुमच्या पेन्शनमधून पूनमच्या हातात पैसे दिले, आणि मी ते इथे तुम्हाला रियालमध्ये फेडायचे ठरलं. मी पाया पडायला वाकले तर तुम्ही पाय मागे घेतलेत.

"दान नाही हं हे. पुरते फेडायचे. दान दिलं तर उद्या तुला माझ्याशी भांडता येणार नाही."

मला हसू आलं. तुमच्याशी मी भांडणार? मी तर भाजीवाल्याशीही भांडत नाही.

मग दर पगाराला मी तुमच्या खोलीत यायची. तुम्ही नोटा मोजायचा नाहीत, नाकाशी धरायचात. पहिल्यांदा मला वाटलं, लक्ष्मीला नमस्कार करताय. "नमस्कार कसला? कुठून फिरून आल्यात ते बघते." मग साबुदाण्याच्या रिकाम्या डब्यात टाकायचात आणि म्हणायचात, "मिळाले." आणि मग, "बठ वं जराशी." मी खाली बसायची. खिडकीतून ओल्ड एअरपोर्टचा रस्ता दिसायचा. शाळेच्या बसेस यायला लागल्या की उठायची. तेवढा वेळ माझा. या देशात मला कोणी बस म्हणालं असेल तर ते त्या खोलीत.

पूनमने दुसऱ्या वर्षी कोर्स सोडला. गावातल्याच मुलाशी लग्न ठरवून बसली, मला फोनवर कळवलं. मी तुमच्या खोलीत येऊन भिंतीला टेकून उभी राहिले. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. तुमच्या पेन्शनचे पैसे पाण्यात गेले होते. म्हणालात, "कोर्स बुडवला तिने. म्हणून तू माझे पैसे बुडवायचे नाहीत."

मला राग आला तेव्हा. आता वाटतं, त्या दिवशी तुम्ही दुसरं काहीही म्हणाला असतात तर मी तिथेच कोसळले असते.

पण पगार लग्नाच्या खर्चात जायला लागला. तुमचा डबा भरेना. आणि डिसेंबर आला.

डिसेंबरात वहिनी गप्प व्हायच्या. तुमची सून मारिसोल, मेक्सिकोची, दादा तिकडे कामाला असताना लग्न होऊन आलेली. मी आधी त्यांना मॅडम म्हणायची. तुम्ही दटावलंत, "घरात कसली मॅडम? सून आहे ती माझी, हेडमास्तरीण नाही. वहिनी म्हण." तेव्हापासून त्या वहिनी झाल्या आणि त्या नावाला ओ द्यायलाही शिकल्या. त्यांची आई गेली त्या वर्षी त्यांना तिकडे जायला जमलं नव्हतं. त्या डिसेंबरात त्यांनी मैदा काढला.

त्यांच्या गावाकडे नाताळात बुन्युएलो करतात. मैदा, थोडं लोणी, चिमूटभर मीठ, आणि बडीशेप उकळून गाळलेलं पाणी. अंडंही घालतात, पण तुम्ही खात नाही म्हणून त्यांनी न सांगता ते सोडलं. पीठ खूप मळलं, गोळे करून ओल्या फडक्याखाली ठेवले. मग मुढ्यावर बसल्या, गुडघ्यावर धुतलेलं फडकं पसरलं, लाटी त्यावर ठेवली आणि चारी बाजूंनी बोटांनी हळूहळू ओढायला लागल्या. लाटी पसरत गेली. इतकी पातळ झाली की खालच्या फडक्याची निळी फुलं तिच्यातून दिसायला लागली. तेलात सोडली की फोड उठायचे आणि क्षणात कडक व्हायची. वर गुळाचा पाक, त्यात दालचिनी आणि पेरूची फोड.

तुम्ही दारात येऊन उभ्या राहिलात.

"हे काय चाललंय?"

वहिनींनी हसून गुडघा दाखवला. त्यांची आई असंच करायची, तिची आईही असंच. तुमचं इंग्लिश शाळेतलं, त्यांचंही शाळेतलं. भांडायला पुरायचं.

"अन्नाला पाय लावतेस?"

"पाय नाही आई. गुडघा."

"गुडघा काय डोक्याला असतो?"

वहिनी म्हणाल्या, गुडघ्यावर मूल बसवतो आपण, देवापुढे गुडघा टेकतो, गुडघा घाण कसा? तुम्ही म्हणालात, "मूल बसव. मूल तळून खात नाही कोणी." मला हसू आवरेना, मी सिंककडे तोंड फिरवलं. मग तुम्ही जरा नरमलात. "शहाणी आहेस. माझ्यासाठी अंडं सोडलंस. आता गुडघाही सोड."

"अंडं सोडलं तरी बुन्युएलो राहतो, आई. गुडघा सोडला की पुरी होते."

तुम्ही तोंडात घातला नाहीत. वहिनींनी तुमच्यासाठी बशीत काढून ठेवलेला दुसऱ्या दिवशी दादांनी चहाबरोबर खाल्ला.

वहिनींच्या मैत्रिणी, त्यांच्याच भाषेच्या, कोणी लुसैलला, कोणी समैस्माला समुद्राकडे राहतात. त्यांना कळलं आणि त्या मागायला लागल्या. वहिनी मला म्हणाल्या, "सुरेखा, तुम करो मेरे साथ. पैसा तुम्हारा." त्यांना पैशांची गरज नव्हती, त्यांना स्वयंपाकघरात सोबत हवी होती. मला दोन्हींची गरज होती. पहिले पैसे हातात पडले तशी मी धावत तुमच्या खोलीत आले.

तुम्ही नोटा नाकाशी धरल्यात.

"बडीशेप."

"हो काकू."

"गुडघ्यावरचे. मी घेणार नाही."

नोटा माझ्या हातात परत आल्या. त्या दिवशी तुम्ही बस म्हणाला नाहीत.

मी हातावर ओढून पाहिलं. आपण खानदेशच्या बायका, मांडा हातावर करणाऱ्या. मनगटापासून कोपरापर्यंत झुलवत झुलवत परातीएवढा करतो आपण तो. पण मांड्याचं पीठ सैल, ते स्वतःच्या वजनाने उतरतं. हे पीठ चिवट. हातावर घेतलं की आखडून बसायचं नाहीतर मधेच फाटायचं. गुडघ्याच्या उबेने मात्र मऊ यायचं. मी वहिनींसारखीच बसायला लागले. साडीवरून फडकं पसरायचं. पहिल्या दिवशी मलाही कसंतरी झालं, खोटं कशाला सांगू? तिसऱ्या-चौथ्या लाटीला विसरले.

आणि मग मी तुमच्याशी भांडले. आयुष्यात पहिल्यांदा कोणाशी.

तुम्ही पलंगावर बसून रोजच्यासारख्या वाती वळत होतात. लुगडं जरा वर घेऊन, कापसाचा पेळू मांडीवर ठेवून तळव्याने पुढे सरकवायचा, की वात तयार. आमच्याकडेही अशाच वळतात, सगळीकडे अशाच वळतात. मी केर काढत होते. केरसुणी थांबवून म्हटलं, "काकू, देवाची वात चालते का मग मांडीवर?"

तुमचा हात थांबला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मग मांडीकडे. मला वाटलं, झालं, तुम्ही हसणार आणि हा विषय संपणार.

दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्याकडून जुना पोळपाट मागून घेतलात. त्यावर वाती वळायला लागलात.

कापूस लाकडावर नुसता घसरायचा. वाती सैल व्हायच्या, केसाळ. आरती संपायच्या आत निरांजन विझायचं, तुम्ही परत लावायचात, परत विझायचं. मला बघवत नव्हतं. तुमची बोटं आधीच आखडलेली. पण तुम्ही मान वर करायचा नाहीत आणि मला पुढे बोलायचं धैर्य नव्हतं. आपला वाद तिथेच थांबला, पोळपाटावर.

खापराचं सुचलं ते तुम्हालाच. अमळनेरहून येताना दोन साड्यांत गुंडाळून तुम्ही ते मांडे भाजायचं मातीचं खापर आणलं होतं. आखाजीच्या सणाला मुलाला मांडे करून घालीन म्हणून. प्रवासात त्याला काठापासून चीर गेली, आणि इथल्या विजेच्या शेगडीवर ते धड बसेना, तापेना. फ्रिजवर पालथं पडून असायचं. धूळ पुसताना मी दर वेळी विचारायची आणि तुम्ही म्हणायचात, "फेकून द्या एकदाचं. चिरलेलं खापर घरात ठेवू नये." वहिनींसमोरही म्हणायचात. फेकलं मात्र कोणी नाही.

एके सकाळी तुम्ही स्वयंपाकघरात आलात. "ते काढ खाली. पालथं घाल, फडकं टाक आणि त्यावर ओढ. खापर म्हणजे गुडघाच समज, पण धुतलेला."

वहिनींनी हात लावून पाहिला. "थंड है," म्हणाल्या. मग मी खाली गरम पाण्याचं पातेलं ठेवून वर खापर पालथं घातलं. ऊब आली. लाटी ओढली, ती उतरली, काठापर्यंत उतरली. तुम्ही दारातून बघत होतात. खोलीत जाताना तुमची चाल बदलली होती.

वहिनींनी गुडघा सोडला नाही. आईची आठवण त्यांची गुडघ्यात होती, त्याला त्या काय करणार? मग एक थप्पी खापराची, एक गुडघ्याची. खाणाऱ्यांना फरक कळत नव्हता. मी मात्र पैसे दोन पाकिटांत ठेवायची.

"खापराचे ना?" तुम्ही नोटांचा वास घेत विचारायचात.

"खापराचे."

"मिळाले. बठ."

नोटेला तोंड नसतं. गुडघ्याचे पैसे खापराचे म्हणून दिले असते तर तुम्हाला काय कळणार होतं? पण तुम्ही विचारणार, आणि तुम्ही विचारल्यावर मला खोटं सांगता येणार नाही, हे दोघींना माहीत होतं. एकदा आपण समैस्माला डबे पोचवायला गेलो होतो, आठवतं? वहिनी मैत्रिणीकडे आत गेल्या. आपण दोघी गाडीपाशी उभ्या. समोर समुद्र, एक लाट नाही, नुसतं पाणी पसरलेलं. तुम्ही म्हणालात, "तापीला याच्यापेक्षा जास्त जीव आहे गं." मग जरा वेळाने, "थोडेच राहिलेत तुझे. माझ्या डोळ्यांदेखत फेड, मग आपण दोघी मोकळ्या." मी हो म्हटलं. मोकळं होऊन कुठे जायचं, हे मी तेव्हा विचारलं नाही.

इंग्लिश वर्ष संपत होतं त्या दुपारी तुम्ही आपणहून म्हणालात, "आण बघू एक. खापराचा."

वहिनींचा चेहरा मला अजून दिसतो. त्यांनी खापर धुतलं, पुसलं, सरळ करून ठेवलं आणि बुन्युएलो त्याच्याच पोटात घालून वर पाक ओतला. ताटात नाही, खापरातच. मला वाटलं, हौस आहे. तुम्ही बाल्कनीजवळच्या खुर्चीत बसला होतात. तुकडा मोडून तोंडात घातलात. आम्ही दोघी बघत उभ्या.

"ही तर कडाकणी."

"नाही आई, बुन्युएलो."

"कडाकणी गं. नवरात्रात देवीपुढे टांगतो आम्ही. उगाच आपलं मेक्सिको मेक्सिको."

पण सगळा खाल्लात. शेवटचा पाक बोटाने पुसून घेतलात. वहिनी हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. मग त्यांनी तुमच्या मांडीवरचं खापर उचललं, बाल्कनीत गेल्या, दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं आणि खाली फरशीवर टाकलं.

केवढा आवाज झाला. तुकडे पार कठड्यापर्यंत गेले. वहिनी टाळ्या वाजवत वळल्या. "आई, काहीतरी मागा. मनात मागा."

त्यांच्या गावात तशी रीत आहे, हे आम्हाला नंतर कळलं. नाताळात बुन्युएलो खायचा तो चिरलेल्या, टाकाऊ मातीच्या बशीत, आणि खाऊन झाल्यावर बशी फोडायची. मनात मागितलेलं मिळतं, वर्ष चांगलं जातं. घरात चिरलेलं मातीचं भांडं, फेकून द्या असं तुम्ही स्वतः म्हणत आलेलं. त्यांना वाटलं, देवानेच योजून ठेवलंय.

आपल्याकडे मडकं कधी फुटतं, हे त्यांना कोणी सांगितलं होतं?

तुम्ही रागावला नाहीत. तुकड्यांकडे बघत राहिलात. मग खुर्चीचे हात धरून उठलात आणि खोलीकडे निघालात. माझ्याजवळून जाताना हळूच म्हणालात, "तिले काही सांगू नको वं."

मी नाही सांगितलं. संध्याकाळी दादांनी सांगितलं. वाईट मनाने नाही, केर भरताना तुकडे बघून बोलून गेले. वहिनी दोन दिवस खोलीबाहेर आल्या नाहीत. तुम्ही त्यांच्या दाराशी जाऊन म्हणालात, "अगं, मीच म्हणत होते ना फेका म्हणून? ऊठ, चहा कर. तुझ्या हातचा चहा वाईट असतो, पण कर." त्या उठल्या. पुढे दोघींचं बोलणं गोड झालं, फार गोड. तुम्ही त्यांना टोमणा मारेनाशा झालात. मला ते आवडलं नाही.

आणि माझं राहिलं ते राहिलंच.

"काकू, आता खापर नाही. हे घ्या ना."

"गुडघ्याचे?"

"हो."

"ठेव तुझ्याजवळ. पगारातून दे."

"पगार पूनमकडे जातो. नवऱ्याचं काम सुटलंय तिच्या."

"मग थांबते मी. मला कुठे जायचंय?"

असं म्हणाला होतात.

उन्हं वाढायला लागली तसे तुमचे हात कापायला लागले. मग पलंग सुटेना. वाती मी वळायला लागले, तुमच्या उशाशी बसून, त्याच पोळपाटावर. तुम्ही बघत होतात.

"सैल होतात गं."

"पोळपाटावर अशाच होतात, काकू."

तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं, झोप लागली. मग तशाच म्हणालात, "वळ कशाही."

मी पोळपाट पलंगाखाली सरकवला, साडी जरा वर घेतली आणि मांडीवर वात वळली. घट्ट आली. तुम्ही तोंड भिंतीकडे केलं होतं. त्या दिवशी आरती झाली, नैवेद्य झाला, तरी निरांजन जळत होतं.

त्या वेळी पाकीट माझ्या ओच्यात होतं. रोजच असायचं. तेव्हाच विचारायला हवं होतं, काकू, वळ कशाही म्हणालात ते नुसतं वातींसाठी की या पैशांसाठीही? एवढंच वाक्य. जिभेवर आलं होतं. तुम्ही थकलेल्या दिसलात, म्हटलं उद्या विचारू. दुसऱ्या दिवशी तुम्हाला दवाखान्यात नेलं, तिथून तुम्ही घरी आलाच नाहीत.

दादा तुम्हाला घेऊन अमळनेरला गेले. मीराच्या परीक्षा होत्या, वहिनी थांबल्या, मीही थांबले. तिकडून कोणी नातेवाइकाने फोनवर सगळं दाखवलं. आम्ही दोघी डायनिंग टेबलाशी बसून तो हातभर पडदा बघत होतो. दादा खांद्यावर मडकं घेऊन चितेभोवती फिरले. पाणी गळत होतं. मग त्यांनी मागे न बघता ते सोडलं. फोनमधून आवाज अगदी छोटा आला, कप पडल्यासारखा. वहिनींनी फोन माझ्या हातात दिला आणि उठून गेल्या.

नंतर स्वयंपाकघरात येऊन त्यांनी मला विचारलं, "सुरेखा, मेरे कारण?"

मी म्हटलं, "नहीं वहिनी."

एवढंच म्हटलं. तुम्ही त्या दिवशी मला काय म्हणाला होतात ते सांगायचं होतं. तिला काही सांगू नको म्हणालात, म्हणजे तुम्हाला तिची काळजी होती, तुमच्या मनात काही नव्हतं. हिंदीत मला ते जुळवता आलं नाही. मी नळ सोडला आणि भांडी घासायला लागले. त्या उभ्या राहिल्या आणि गेल्या. आता तर काय, मी मराठीतही सांगू शकणार नाही, कारण मलाच खात्री नाही. तुमच्या मनात खरंच काही नव्हतं का, काकू? त्या दुपारी काहीतरी मागा म्हटल्यावर तुम्ही काय मागितलंत?

वहिनींनी तेव्हापासून मैद्याला हात लावलेला नाही. मैत्रिणींचे फोन येतात, त्या उचलत नाहीत. दादा आणि त्या एकमेकांशी मीराच्या शाळेचं बोलतात, गाडीचं बोलतात. वहिनी मीराला घेऊन काही महिने त्यांच्या गावी जाणार म्हणतात. काही महिने म्हणजे किती, हे दादांनी विचारलं नाही. मी तुमच्या देखभालीसाठी आलेली, तेव्हा माझं काय हे वेगळं सांगायला नको. दादा चांगल्या शब्दांत बोलले. महिनाअखेरीचं तिकीट काढलं आहे. पूनमला फोन केला. तिने विचारलं, "आता पैसे कसे पाठवशील?" कधी येतेस, हे नंतर विचारलं.

तुमची खोली आवरली. लुगडी बांधली, औषधं टाकली. पलंगाखाली पोळपाट सापडला, त्याला कापसाचे तंतू चिकटलेले होते. साबुदाण्याच्या डब्यातले पैसे दादांनी आधीच काढून घेतले होते. डबा मी धुऊन ठेवला.

पाकीट किती दिवस जवळ बाळगलं. मनात म्हणायची, हे तुम्ही घेणार नव्हता, मग हे दुसऱ्याला देऊन फिटतील कसे? आणि दिले तर त्या खोलीत पाय ठेवायला मला काय कारण उरेल? पण फेड म्हणाला होतात. पुरते फेड म्हणाला होतात. डोळ्यांदेखत काही जमलं नाही.

इथवर काल लिहिलं होतं. आज दादा लवकर आले. डायनिंग टेबलाशी लॅपटॉप उघडून बसले होते. मी पाकीट समोर ठेवलं.

"हे काय, ताई?"

"काकूंचे. राहिले होते."

"अहो, राहू द्या आता. आईच नाही तर…"

"नाही दादा. घ्या."

मी कधी एवढ्या जोरात बोलत नाही. त्यांनी चमकून वर पाहिलं. मग पाकीट घेतलं. मी तिथेच उभी राहिले. वाटलं, विचारतील. त्यांनी उघडलं नाही, मोजलं नाही, नाकाशी धरलं नाही. बडीशेपेचा वास मला तर टेबलापलीकडून येत होता. खापराचे की गुडघ्याचे, ते काही म्हणाले नाहीत. पाकीट लॅपटॉपखाली सरकवलं.

"खलास, ताई," दादा म्हणाले. "फिटलं सगळं."

बस कोणी म्हणालं नाही, म्हणून मी आत आले. काकू, तुमचे पैसे पुरते फिटले. आजचे सगळे गुडघ्याचेच होते.